आंधळ्याच्या वाटेतला धोंडा

मधुमेहाला आजार मानण्याची पद्धत आपल्या घरांत फारशी नाही. ‘त्यांना साखर आहे’ असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो, की जणू ती एखादी सवयच आहे. परंतु हीच साखर वर्षानुवर्षे रक्तात वाढलेली राहिली, म्हणजे ती डोळ्यांवर घाला घालते, आणि मग घरात एक प्रश्न उभा राहतो. तो वैद्यकाचा प्रश्न नाही, नीतीचा आहे. ज्याची दृष्टी जात आहे त्याला खरे सांगावे की नाही?

आमचे शिक्षण मुंबईत मराठीत झाले आणि नोकरीची वर्षे अमेरिकेतील इस्पितळांत परिचारिका म्हणून गेली. आता निवृत्तीत मागे वळून पाहताना, औषधांपेक्षा या एका प्रश्नाचाच विचार आमच्या मनात वारंवार येतो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत, आणि कित्येकांना स्वतःलाच साखर आहे. म्हणून हा विचार आपणापुढे ठेवीत आहोत.

प्रथम आजाराविषयी थोडे. डोळ्याच्या मागच्या बाजूस जो नाजूक पडदा असतो, ज्याला डॉक्टर रेटिना म्हणतात, त्यातील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या साखरेमुळे कमकुवत होतात. त्या पाझरू लागल्या म्हणजे पडद्याच्या मध्यभागी सूज येते, आणि वाचणे व चेहरे ओळखणे कठीण होते. काही वाहिन्या बंद पडतात. त्यांच्या जागी नव्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटल्या म्हणजे डोळ्यात रक्त उतरते आणि नजरेपुढे काळे ठिपके किंवा कोळ्याची जाळी तरंगू लागते. पुढे व्रण होऊन ते पडद्याला ओढतात, आणि पडदा सुटून येण्याचीही भीती असते. या सर्वात घातक गोष्ट ही, की आरंभी काहीच दुखत नाही व काही कळतही नाही. पुष्कळजण ‘मोतीबिंदू असेल, सावकाश पाहू’ म्हणून दिवस काढतात. २०२१ साली अमेरिकेत सुमारे ९६ लाख लोकांच्या डोळ्यांत हा विकार होता आणि त्यांपैकी सुमारे १८ लाखांची दृष्टी धोक्यात होती, असा अंदाज आहे. काम करण्याच्या वयातील माणसांना अंधत्व येण्याचे या देशातील प्रमुख कारण हेच आहे.

उपाय नाहीत असे नाही. १९७०च्या दशकात येथे एक मोठा अभ्यास झाला. त्यात सतराशेहून अधिक रोग्यांच्या एका डोळ्यावर प्रखर प्रकाशकिरणांचा उपचार केला, आणि दुसरा डोळा तसाच ठेवून तुलना केली. १९७६ साली असे दिसून आले, की या उपचाराने दृष्टी फार मोठ्या प्रमाणात जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. तेव्हा अभ्यास पुरा होण्याची वाट न पाहता, धोक्यात असलेल्या दुसऱ्या डोळ्यावरही उपचार करण्याची मुभा देण्यात आली. १९८५ साली पडद्याच्या मध्यावरील सुजेसाठीही लेझरचा उपयोग सिद्ध झाला. १९९३ साली संपलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, इन्शुलिनवर असलेल्या १,४४१ तरुण रोग्यांपैकी ज्यांनी साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. २०१२ सालापासून सुजेवर डोळ्यात टोचण्याच्या औषधांनाही येथे मान्यता मिळत गेली, आणि त्यांनी पुष्कळांची दृष्टी सुधारलीदेखील.

पण या उपायांचे एक लक्षण ध्यानात घेतले पाहिजे. बहुतेक वेळी ते आहे ते राखण्यासाठी असतात. गेलेले सगळे परत आणून देण्यासाठी नसतात. पडद्याच्या कडेचा भाग लेझरने जाळून मधली नजर वाचवितात. त्यापायी बाजूचे व रात्रीचे दिसणे काहीसे उणे होते. इंजेक्शने प्रारंभी महिन्यामहिन्याला घ्यावी लागतात आणि पुढे कित्येक वर्षे चालू राहतात. तेव्हा ज्या रोग्याला ‘तुम्ही अगदी पूर्वीसारख्या व्हाल’ असे सांगितलेले असते, तिला चौथ्या इंजेक्शनानंतर वाटते की आपल्याला फसविले. ज्या रोगिणीला ‘हे औषध आहे तेवढे राखण्यासाठी आहे’ असे ठाऊक असते, ती दहावे इंजेक्शनही घेते. येथपासूनच खरे बोलण्याचा संबंध डोळ्याशी जडतो.

दृष्टी मोजण्यासाठी जो अक्षरांचा तक्ता भिंतीवर टांगलेला असतो, तो हॉलंडातील स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. तो उत्तम आहे, परंतु त्यावरून जीवन मोजता येत नाही. तक्त्यावर दोन ओळी कमी वाचणारी एक बाई घरभर काम करीत असते, तर तिच्यापेक्षा बरे दिसणारा एखादा गृहस्थ खिडकीपाशी दिवसभर हातावर हात ठेवून बसलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेला ही उणीव जाणवली, म्हणून तिने एक प्रश्नावली तयार करविली. पंचवीस प्रश्नांचे तिचे रूप २००१ साली प्रसिद्ध झाले. वाचता येते का, जिना उतरता येतो का, गाडी चालविता येते का, असे प्रश्न तीत आहेतच. त्याशिवाय मनाची काळजी, घरी बसून राहावे लागणे, दुसऱ्यावर अवलंबून राहणे यांचेही प्रश्न आहेत. त्यातील एका प्रश्नाने आम्हांस नेहमी थांबविले आहे. नजरेमुळे आपल्याला इतरांच्या सांगण्यावर फार विसंबावे लागते का, अशा आशयाचा तो आहे.

या एका प्रश्नात सगळे आले. डोळस माणसाला कोणी खोटे सांगितले, तर तो स्वतः पाहून घेऊ शकतो. पत्र उघडून वाचतो, औषधाची बाटली फिरवून बघतो, समोरच्याचा चेहरा पाहून ओळखतो की काहीतरी लपविले जात आहे. दृष्टी अधू झाली म्हणजे पडताळून पाहण्याचे हे साधन जाते. मग त्याला जगायचे ते आपल्या शब्दावर. आपल्या शब्दाची किंमत त्याच्यासाठी एकदम कितीतरी पटींनी वाढते.

आणि नेमक्या याच वेळी आपण घरची माणसे खोटे बोलू लागतो.

परदेशी आलेल्या कुटुंबांत याला एक वेगळे रूप येते. आई म्हातारपणी मुलाकडे आली आहे. तिला मराठी उत्तम येते, कामापुरते हिंदीही येते, पण डॉक्टरांचे भराभर इंग्रजी तिला उमजत नाही. तपासणीच्या खोलीत मुलगा दुभाषा होतो. डॉक्टर सांगतात, की डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजवा वाचविण्याचा प्रयत्न करू. मुलगा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “आई, ते म्हणतात औषधाने बरं वाटेल, काळजी करू नकोस.” आई मान डोलावते. खोलीत मराठी कळणारी नर्स असेल, तर तिला दोन्ही वाक्ये कळतात. हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. मुलगा वाईट नसतो. बहुधा तो अत्यंत प्रेमळच असतो, आणि बाहेर मार्गिकेत येऊन डोळे पुसत असतो.

घरातही तेच चालते. विजेचे बिल किंवा विम्याचे पत्र आले, तर ‘काही नाही, जाहिरात आहे’. रोश हशानाला चिकाचा हलवा होतो, मलिद्याचे ताट भरते, पण आजीला सांगतात की ‘या वेळी केलाच नाही’. आजीचे नाक शाबूत असते. नारळाच्या दुधाचा वास तिला स्वयंपाकघरातून आलेला असतो. ती काही बोलत नाही. पण आपल्याशी घरातले लोक कसे वागत आहेत, हे तिला त्या दिवशी कळून चुकते.

यावर जे म्हणणे मांडले जाते ते क्षुल्लक नाही, आणि त्याला न्याय दिला पाहिजे. लोक म्हणतात, सत्य सांगून काय साधणार? दुःखाने रक्तदाब वाढेल, जेवण सुटेल, साखर आणखी बिघडेल. आपल्याकडे रीतच आहे, की डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात आणि ओझे घर उचलते. एकट्या रोग्यावर सगळे टाकणे ही पाश्चात्त्यांची रीत आहे, आपली माया वेगळी. या बोलण्यात तथ्य आहे. वृद्ध माणसाला एका खुर्चीत बसवून पाच मिनिटांत सगळी वाईट बातमी सांगून मोकळे होणे, हा आम्हांसही क्रूरपणा वाटतो. असा सत्यवादीपणा पाहून आम्ही कित्येकदा मनातून चिडलो आहोत.

तरीही आम्ही खरे सांगण्याच्याच बाजूचे आहोत. याची कारणे आपल्याच तोरेत सापडतात.

वायिक्रा म्हणजे लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात बहिऱ्याला शिव्याशाप देण्याची आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवण्याची मनाई केली आहे, आणि लगेच परमेश्वराचे भय बाळगण्यास सांगितले आहे. आपल्या प्राचीन पंडितांनी या आज्ञेचा अर्थ पुष्कळ विस्तारला. ज्याला एखादी गोष्ट दिसत नाही, म्हणजे ठाऊक नाही, त्याला भलता सल्ला देणे हाही आंधळ्यापुढे ठेवलेला धोंडाच, असे ते म्हणतात. आणि परमेश्वराचे भय येथेच का सांगितले, याचेही कारण राशीने दिले आहे. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला होता की वाईट, हे दुसऱ्या माणसांना कळत नाही. ते ज्याचे त्यालाच ठाऊक असते. आमच्या विषयात तर दोन्ही अर्थ एकत्र येतात. समोरची व्यक्ती खरोखरच अधू नजरेची आहे, आणि आपण तिला चुकीची माहिती देत आहोत. ‘तिच्या भल्यासाठी’ असे आपण म्हणतो. पण आपल्याला ते अवघड बोलणे टाळायचे होते, तिचे रडणे पाहायचे नव्हते, हाही हेतू त्यात किती होता, हे आपले आपणच तपासावे.

इसहाकाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. म्हातारपणी त्याची दृष्टी मंद झाली होती. रिबकेने धाकट्याला थोरल्याचे कपडे घातले, हातांवर व मानेवर करडांची कातडी बांधली आणि बापाकडे पाठविले. इसहाकाने आपल्याकडून पडताळण्याचा किती प्रयत्न केला पाहा. त्याने नाव विचारले, हात चाचपले, जवळ घेऊन वास घेतला. आवाजावरून त्याला शंकाही आली. पण शेवटी तो घरच्यांच्या सांगण्यावर विसंबला. रिबकेचा हेतू वाईट नव्हता. मुले पोटात असतानाच तिला परमेश्वराचे वचन मिळाले होते. तरीही खरे कळल्यावर म्हातारा थरथर कापला, एक मुलगा हंबरडा फोडून रडला आणि दुसरा वीस वर्षे घराबाहेर राहिला. आशीर्वाद योग्य ठिकाणी पोहोचला असेल. पण त्या घराचे काय झाले, हे तोरेने लपवून ठेवलेले नाही.

याच धाकट्याची, याकोबाची, दुसरी गोष्ट मात्र आपण कमी सांगतो. तोही म्हातारा झाला आणि त्याचीही नजर गेली. योसेफाने आपले दोन मुलगे आशीर्वादासाठी आणले आणि थोरला बापाच्या उजव्या हाताशी येईल असे त्यांना उभे केले. याकोबाने हात उलटे करून उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवला. योसेफाला वाटले, बाबांना दिसत नाही म्हणून चूक झाली. त्याने हात उचलून हलविण्याचा प्रयत्न केला. म्हाताऱ्याने त्याला सांगितले, की आपल्याला सर्व ठाऊक आहे. योसेफ हा मिसर देशाचा कारभार पाहणारा शहाणा माणूस. पण नजर गेली म्हणजे समज गेली, अशी त्याचीही समजूत झाली. आपल्या घराघरांत आज हेच होते. आईला दिसत नाही, म्हणून बँकेची सही मुलगा ठरवितो, उपचार सून ठरविते, कोणाकडे भेटीला जायचे हेही दुसरेच ठरवितात. दृष्टी गेल्याचे दुःख माणूस सोसतो. आपले मत विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही, हे दुःख त्याच्याने सोसवत नाही.

या देशाच्या कायद्यानेही या बाबतीत रोग्याची बाजू घेतली आहे. आपल्या उपचाराविषयी स्वतः ठरविण्याचा हक्क सज्ञान रोग्याला आहे, हे त्याला इस्पितळाने कळविले पाहिजे, असा १९९०चा कायदा आहे. २०१०च्या आरोग्यविषयक कायद्याच्या १५५७व्या कलमाखाली २०१६ साली नियम झाले. ज्या इस्पितळांना सरकारी पैसा मिळतो त्यांनी रोग्याला आपला दुभाषा आपणच आणा असे सांगू नये, आणि लहान मुलांकडून तर आणीबाणीखेरीज दुभाष्याचे काम करवून घेऊ नये, असे त्यांत सांगितले आहे. फोनवरून मराठी दुभाषा मिळू शकतो; आधी सांगून ठेवले म्हणजे झाले. मुलाने त्या वेळी केवळ मुलगा म्हणून आईचा हात धरून बसावे. तेवढे काम त्याला पुरेसे आहे.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. लपविण्याचे काम रोगीही करतात. येथील उपनगरांत बस नाही, चालत जाण्याजोगे दुकान नाही. मोटारीची किल्ली हेच स्वातंत्र्य. बहुतेक राज्यांत निर्बंध नसलेल्या परवान्यासाठी २०/४० इतकी नजर लागते. ती कमी झाल्याचे कळले तर किल्ली जाईल, म्हणून कित्येक गृहस्थ मुलांपासून आणि डॉक्टरांपासूनही लपवितात. ओळखीच्या रस्त्याने सवयीवर गाडी नेतात, संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले तरी बोलत नाहीत. येथे धोंडा दुसऱ्याच्या वाटेत ठेवला जातो, आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला त्याची कल्पनाही नसते. म्हणून खरे बोलण्याचा नियम आम्ही एकट्या घरच्यांना लावीत नाही. पण ज्या घरात आजोबांना सत्य ऐकण्याची आणि निर्णय घेण्याची सवय राहिली आहे, तेथे ते स्वतः किल्ली काढून देतात, असा आमचा अनुभव आहे. जेथे सर्व काही त्यांच्यापासून लपविले जाते, तेथे तेही लपवितात.

आणखी एक गैरसमज. या आजारात नजर रोज सारखी नसते. साखर वरखाली झाली की दिसणे बदलते. डोळ्यात रक्त उतरले म्हणजे अंधारते आणि ते निवळले म्हणजे पुन्हा थोडे उजाडते. घरचे म्हणतात, “काल तर सुई ओवलीत, आज कसं दिसत नाही?” हा संशय फार बोचतो. कायद्याने अंध ठरलेल्या माणसालाही बहुधा थोडेफार दिसत असते. त्याला किती दिसते हे त्यालाच विचारावे, आणि तो सांगेल ते खरे मानावे. आपला शब्द त्याने खरा मानायचा असेल, तर त्याचाही शब्द आपण मानला पाहिजे.

मग सांगावे कसे? आम्ही पाहिलेली चांगली रीत अशी आहे. प्रथम रोग्यालाच विचारावे, की तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे. एखादी आजी म्हणेल, “मला नको सांगूस, माझ्या मुलीला सांग.” हा तिचा निर्णय झाला, तो पाळावा, कारण तो तिने घेतला आहे. ज्यांना ऐकायचे आहे त्यांना थोडे थोडे सांगावे, दोनतीन बैठकींत सांगावे, आणि प्रत्येक वेळी पुढे काय करता येईल तेही सांगावे. मेडिकेअर असलेल्यांना साखरेसाठी वर्षातून एकदा डोळे तपासून घेण्याची सोय आहे, ती सोडू नये. साखरेचा आकडा बोलून सांगणारी यंत्रे मिळतात. त्यामुळे आकडा दुसऱ्याला विचारावा लागत नाही. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाची अंधांसाठीची सेवा १९३१ पासून आहे आणि ती बोलकी पुस्तके टपालाने फुकट पाठविते. पांढरी काठी घेण्याची लाज वाटू देऊ नये. ती घेतलेला माणूस एकटा फाटकापर्यंत जातो.

घरच्यांनी लहान गोष्टी पाळाव्यात. खोलीत येताना नाव सांगावे, जाताना ‘जाते’ म्हणावे. खुर्च्या न सांगता हलवू नयेत. ताटात काय कोठे आहे ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगावे. पत्र आले तर सबंध वाचून दाखवावे, मधले गाळू नये. हलवा केला असेल तर केला आहे असे सांगावे, त्यातली साखर सांगावी, आणि एक वडी घ्यायची की नाही ते तिला ठरवू द्यावे. शब्बाथच्या दिव्याची वात जन्मभर जिने लावली, तिच्या हाताला ती जागा पाठ असते. शेजारी उभे राहावे. काडी तिच्याच हातात द्यावी.

साखरेने घेतलेली नजर पुष्कळदा कोणाच्याच हाती परत देणे नसते. पण त्या माणसाच्या आसपास आपण विश्वासाची जागा ठेवतो की संशयाची, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. पुढल्या वेळी तपासणीच्या खोलीतून बाहेर पडताना आईने विचारले, “डॉक्टर काय म्हणाले?”, तर घटकाभर थांबावे, तिचा हात धरावा आणि ते म्हणाले तेच सांगावे.